नॅकच्या पाहुण्यांनो, पहिल्या एस.टी.ने या

प्रति,
राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद (नॅक), बंगळूरू
आणि परिषदेच्या वतीने महाविद्यालयांना भेट देणारे सर्व सन्माननीय प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात मी मराठी शिकवत होते. आता निवृत्त झाले. बी.ए.ही त्याच कॉलेजातून केलं, त्यामुळे बाकावर बसून आणि फळ्याजवळ उभं राहून, दोन्हीकडून ते मला माहीत आहे. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात, सगळे ज्याला आयक्यूएसी म्हणतात तिथे, कामही केलं. कॉलेजचा दर्जा ठरवायला तुमच्या समित्या आल्या तेव्हा निकषांच्या फायली मांडून टेबलामागे उभं राहणाऱ्यांत मी असे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. जे सांगायचं आहे ते आमच्या एकट्या कॉलेजचं नाही, आणि नाव घेतलं तर आज तिथे काम करणाऱ्या, माझ्याहून धाकट्या माणसांना त्याची उत्तरं द्यावी लागतील.

पत्र आत्ता लिहिण्याला कारण आहे. मार्च २०२३ मध्ये तुमच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन यांनी मूल्यांकनातल्या गैरप्रकारांकडे बोट दाखवून पद सोडलं. जानेवारी २०२४ मध्ये डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींवरून तुम्ही जाहीर केलं की ए प्लस प्लसपासून खाली उतरणारी श्रेणींची पद्धत जाऊन 'अधिस्वीकृत' किंवा 'अधिस्वीकृत नाही' एवढाच निकाल लागेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुंटूर जिल्ह्यातल्या एका अभिमत विद्यापीठाला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने भेट समितीचे अध्यक्ष आणि सदस्य यांना अटक केली. तेव्हापासून हवा अशी आहे की प्रत्यक्ष भेटी शक्य तितक्या कमी कराव्यात, पाहणी पडद्यावर व्हावी आणि बाकी सगळं संगणकात भरलेल्या माहितीवरून ठरावं.

माझी विनंती उलटी आहे. भेटी बंद करू नका. वेगळ्या रीतीने या.

तुमच्या भेटीत कॉलेजचं वाईट झाकलं जातं, हे आता सगळेच बोलतात. मला त्याहून जास्त लागतं ते हे, की आमच्यातलं चांगलंही तुम्हाला दिसत नाही. विद्यार्थ्याला जे कॉलेज रोज भेटतं ते तुम्हाला भेटतच नाही, आणि त्याच्या बऱ्या-वाईट दोन्ही बाजू तुमच्या अहवालाबाहेर राहतात.

भेटीचे दिवस कसे जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. गेटवर एनसीसीची मुलं मानवंदना देतात, मुली औक्षण करतात, फेटे बांधले जातात. प्राचार्यांचं सादरीकरण होतं, मग एकेक विभाग, ग्रंथालय, प्रयोगशाळा, पालक, माजी विद्यार्थी, संध्याकाळी लेझीम आणि पोवाडा, दुसऱ्या दिवशी कागदपत्रं आणि समारोपाची बैठक. या तयारीला मी नावं ठेवत नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर घर सारवायचं ही आपली रीत आहे, आणि आमचे शिपाईमामा, ऑफिसातले क्लार्क, प्रयोगशाळेतले सहायक त्या आठवड्यांत जे राबतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पाच वर्षांचे कागद निकषांप्रमाणे लावायचे, प्रत्येक कार्यक्रमाचा जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो शोधायचा, नसेल तर त्या वर्षीच्या कोणाच्या मोबाइलमध्ये आहे ते विचारत फिरायचं. सणासुदीलाही ही माणसं कॉलेजात असतात. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे.

पण त्या दोन दिवसांत कॉलेज थांबलेलं असतं. रोजचं वेळापत्रक गुंडाळून ठेवलेलं असतं. ज्या वर्गात तुम्ही डोकावता तो वर्ग तुमच्यासाठी भरवलेला असतो.

सगळ्यांत आधी विद्यार्थ्यांच्या बैठकीबद्दल बोलते, कारण तिथे मला नेहमी अवघडायला व्हायचं. त्या सभागृहात जी मुलं बसवली जातात ती हुशार, बोलकी, गणवेशातली असतात, हे तुमच्या लक्षात येत असेलच. लक्षात येत नसेल ती गोष्ट अशी की ती बहुतेक गावातच राहणारी असतात. बाहेरगावच्या मुलांची एस.टी. वेळेवर येईल याची खात्री नसते, म्हणून त्यांना यादीत घेतच नाहीत. आमच्यासारख्या कॉलेजात निम्म्याहून जास्त पोरं आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून येतात. तुमच्यासमोर बसलेली मुलं खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वाट्याला आलेलं कॉलेज खरंच बरं असतं. पायी दहा मिनिटांवर घर, दुपारी जेवायला जाता येतं, ग्रंथालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत थांबता येतं. पण एकाच इमारतीत दोन कॉलेजं असतात, गावातल्यांचं एक आणि एस.टी.ने येणाऱ्यांचं दुसरं, आणि समितीला पहिलंच भेटतं.

दुसरी अडचण भाषेची. समितीतले प्राध्यापक बाहेरच्या राज्यातून येतात आणि ते योग्यच आहे, ओळखीपाळखीचा प्रश्न येत नाही. पण मग मुलांशी बोलणं हिंदी-इंग्रजीत होतं आणि जिथे अडतं तिथे कॉलेजचाच एखादा प्राध्यापक मध्ये उभा राहून सांगतो. एका बैठकीत मागच्या बाकावरची विज्ञान शाखेची मुलगी धीर करून उठली आणि म्हणाली, "सर, दुपारची गाडी लागत नाही, म्हणून शेवटचे दोन तास आम्हाला बसताच येत नाही." आमच्या सहकाऱ्यांनी पाहुण्यांना सांगितलं की वाहतुकीची सोय वाढवावी असं हिचं म्हणणं आहे. त्यांनी वाईट हेतूने असं सांगितलं असं मला वाटत नाही. पाहुण्यांपुढे सगळं जरा नीट करून सांगायची सवय असते माणसाला. शेवटचे दोन तास म्हणजे प्रॅक्टिकल. त्या मार्गावरच्या मुलींचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल वर्षभर जवळजवळ होतच नव्हतं. तेवढी एक गोष्ट त्या मुलीने सांगितली होती आणि तेवढीच पाहुण्यांपर्यंत पोचली नाही.

तुम्ही म्हणाल, यासाठीच तर २०१७ च्या सुधारित आराखड्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं, ते थेट मुलांच्या ई-मेलवर जातं, कॉलेजचा त्यात हात नाही. हेतू चांगला होता. पण आमच्याकडे ई-मेल म्हणजे काय असतं ते सांगते. अकरावीच्या किंवा एफ.वाय.च्या प्रवेशाच्या वेळी, नाहीतर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, बस स्टँडसमोरच्या नेट कॅफेवाल्याने तो काढून दिलेला असतो. पासवर्ड त्याच्या वहीत. मोबाइल नंबर वडिलांचा, नाहीतर मोठ्या भावाचा. तुमचा दुवा त्या पत्त्यावर जाऊन पडतो आणि पोराला पत्ताही नसतो. मग किमान उत्तरं भरावीत म्हणून धावपळ सुरू होते. दहा टक्के विद्यार्थी किंवा शंभर, जे कमी असेल तितकी उत्तरं आली पाहिजेत, नाहीतर त्या मुद्द्याचे गुण जातात. संगणक कक्षात मुलांना बसवून, शेजारी शिक्षक उभे राहून ती संख्या गाठली जाते.

आणि विचारता काय? अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, एलसीडी प्रोजेक्टरसारखी साधनं किती शिक्षक वापरतात, मेंटॉर पाठपुरावा करतो का. वीस प्रश्न पर्यायांचे आणि शेवटी एक मोकळा, सुधारणा सुचवण्यासाठी. सगळे प्रश्न शिकवण्याबद्दलचे आहेत, ते असायलाच हवेत. पण मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी असतं का, ते उघडं असतं की किल्ली मागावी लागते, घरून किती वाजता निघतेस आणि परत किती वाजता पोचतेस, यातलं एकही विचारलेलं नाही. तीन वर्षांत कॉलेज सोडणाऱ्या मुलींना मी विचारत आले आहे. शिक्षक प्रोजेक्टर वापरत नाहीत म्हणून कॉलेज सोडल्याचं एकीनेही सांगितलं नाही. गाडीचं सांगितलं, स्वच्छतागृहाचं सांगितलं, लग्नाचं सांगितलं.

गाडीचं जरा खोलात सांगते. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास फुकट असतो. पदवीला आल्या की सवलतीचा मासिक पास काढायचा, भाड्याचा एक तृतीयांश भरायचा. ही सवलत मोठीच आहे आणि राज्यानं ती इतकी वर्षं टिकवली याचा मला अभिमान आहे. पण ज्या घरात दोन मुली कॉलेजला आणि एक मुलगा शाळेत आहे तिथे तो तिसरा हिस्साही महिन्याच्या महिन्याला बोचतो. आणि पास काढून गाडी आलीच पाहिजे ना? पावसाळ्यात रस्ता खचला की फेरी बंद. यात्रेला, निवडणुकीला गाड्या गेल्या की फेरी बंद. शाळांना सुट्टी लागली की काही मार्गांवरची गाडी आपोआप थांबते, कॉलेज चालू असलं तरी. त्या दिवसांच्या गैरहजेरीचा शेरा मुलीच्या नावावर पडतो आणि पंच्याहत्तर टक्के हजेरीच्या नियमाशी तिची गाठ पडते.

म्हणून म्हणते, पहिल्या एस.टी.ने या. विमानतळावरून आलेल्या गाडीने थेट गेटवर उतरू नका. तालुक्याच्या स्टँडवर आदल्या रात्री मुक्काम करा आणि सकाळी एखाद्या वाडीपर्यंत जाऊन तिथून मुलांबरोबर परत या. त्या तासाभरात तुम्हाला जे ऐकायला मिळेल ते सभागृहात मिळणार नाही. त्याच्याही आधी, उजाडायच्या सुमाराला, कॉलेजच्या मैदानावर या. तुमचं वेळापत्रक दहाला सुरू होतं. आमचं मैदान पाचला भरलेलं असतं. पोलीस भरतीसाठी मुलं सोळाशे मीटर धावत असतात, मुली आठशे. हातातल्या मोबाइलवर वेळ लावून कोणीतरी कडेला उभा असतो, बहुतेक वेळा मागच्या भरतीत एक-दोन गुणांनी राहिलेला. त्या मैदानावर कॉलेजने पांढरी चुन्याची पट्टी आखून दिली, दिवा लावून दिला आणि गेट पहाटे उघडं ठेवलं, तर त्या पोरांसाठी कॉलेजने केलेली ती सगळ्यांत मोठी गोष्ट असते. आमच्याकडे गेट उघडणारे रखवालदार ते स्वतःच्या मनाने करत. कुठल्याही फायलीत ते नव्हतं.

आता बीडचं म्हणून जे आहे ते सांगते. दिवाळीच्या आगेमागे आमचे वर्ग निम्मे होतात. ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कुटुंबच्या कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एस.वाय.ला असलेला मुलगा लग्न झालं की कोयता होतो. न झालं असेल तर आईवडिलांच्या मागे मोळ्या बांधायला, गाडी भरायला जातो, नाहीतर धाकट्या भावंडांना आणि जनावरांना सांभाळायला गावात मागे राहतो. मार्च-एप्रिलमध्ये ही मुलं परत येतात आणि परीक्षेला बसतात. तुमची भेट जानेवारीत झाली तर रिकामे बाक दिसू नयेत म्हणून दोन तुकड्या एकत्र बसवल्या जातात. बाक भरलेले दिसतात आणि आमच्या जिल्ह्याची सगळ्यांत मोठी शैक्षणिक अडचण तुमच्या नजरेतून निसटते.

या मुलांसाठी आमच्या ग्रंथालयातल्या एका सेवकाने जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. नियम असा की पुस्तक पंधरा दिवसांत परत यायला हवं. हा माणूस ऑक्टोबरमध्ये, हंगामाला निघणाऱ्या मुलांना विषयाचं एकेक पुस्तक जास्तीचं देऊन पाठवायचा आणि परतीची तारीख शाईने न लिहिता पेन्सिलीने लिहायचा. ती पुस्तकं मार्चमध्ये परत यायची, पानांत पाचटाचे तुकडे, कोपरे काजळलेले, कारण फडावरच्या कोपीत रात्री चिमणीच्या उजेडात ती वाचलेली असायची. काही मुलं त्याच्या जोरावर पास झाली, एक-दोघं पुढे शिक्षक झाली. समितीच्या भेटीच्या वेळी ग्रंथालयाच्या नोंदवह्या तपासताना हीच गोष्ट दोष म्हणून निघाली. पुस्तकं मुदतीत परत येत नाहीत, दंडाची वसुली नाही. तपासणाऱ्या प्राध्यापकांचं चुकलं असं मी म्हणत नाही. वहीत जे होतं ते त्यांनी वाचलं. त्यांना त्या माणसाशी पाच मिनिटं बोलायला मिळालं असतं तर याच गोष्टीची नोंद तुमच्या सातव्या निकषात, उत्तम प्रथा म्हणून झाली असती. तिथे आम्ही काय लिहिलं होतं? वृक्षारोपण आणि कागदविरहित कार्यालय.

ग्रंथालयाचंच आणखी एक. तुम्हाला ई-साधनांची यादी दाखवली जाते, कॉलेजांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं पुरवणाऱ्या एन-लिस्टचं सभासदत्व दाखवलं जातं. ते असतं, खोटं नसतं. पण वाचनकक्षात बसलेल्या दहा मुलांना विचारा, त्यातल्या नऊ जणांना आपला लॉग-इन माहीत नसतो. ती तिथे बसतात एमपीएससीचं, तलाठी भरतीचं वाचत, कारण घरी जागा नाही आणि खाजगी अभ्यासिकेचं भाडं परवडत नाही. वाचनकक्ष किती वाजेपर्यंत उघडा, पंखे चालतात का, पिण्याचं पाणी आहे का, रविवारी कुलूप असतं का, यावर या मुलांचं कॉलेजबद्दलचं मत ठरतं. हे मला अगदी न्याय्य वाटतं. ज्याला घरी टेबल नाही त्याला टेबल देणं हे कॉलेजचं पहिलं काम आहे.

शिकवणाऱ्यांबद्दलही थोडं. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना समितीसमोर फारसं आणत नाहीत. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आणि निम्मे तास हेच लोक घेतात, तरी विभागाच्या सादरीकरणात ते मागच्या रांगेत उभे असतात. नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले असतात. सुट्टीच्या महिन्यांचा पगार नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावणं येईल का ते माहीत नाही, एका दिवसात दोन-तीन कॉलेजांत फिरतात. मुलांना मात्र तेच जवळचे वाटतात, कारण वयाने जवळ असतात आणि त्यांच्याच गावांतून आलेले असतात. विद्यार्थ्यांचं मत खरंच हवं असेल तर या शिक्षकांना प्राचार्यांच्या गैरहजेरीत भेटल्याशिवाय ते पुरं होणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणाचं लिहायला घेतलं तर पत्र संपायचं नाही. एवढंच सांगते की मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशा विषयांच्या टोपल्या कागदावर भरलेल्या असल्या तरी, शिकवणारे दोन असतील तिथे मुलगा आवडीचा विषय निवडत नाही. जो शिकवला जातो तो घेतो.

पाहुण्याने कॉलेजात काय पाहावं, याची आमच्याकडे जुनी उदाहरणं आहेत. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात गेले. दाखवण्यासारखी इमारत तिथे काय असणार! त्यांनी निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राहताना, एका पंगतीला जेवताना पाहिली आणि त्यांच्याच हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. आमच्या मराठवाड्यात १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जे महाविद्यालय काढलं आणि पुढे जे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं, त्याच्याबद्दल तिथे शिकलेल्या जुन्या माणसांशी बोलून पाहा. घरात पहिल्यांदाच कोणीतरी कॉलेजात गेलेली ती पिढी. ती माणसं वसतिगृहाबद्दल बोलतात, पायात चप्पल नसताना वर्गात बसू दिलं त्याबद्दल बोलतात, कोणत्या सरांनी फी भरली ते सांगतात. आमच्या कॉलेजातल्या आजच्या मुलींनाही विचारलं तर उत्तरं फार वेगळी नाहीत. परीक्षा फॉर्मचे पैसे कोणी भरले, शिष्यवृत्ती वर्ष उलटून गेल्यावर जमा झाली तोवर कॉलेजने थांबून घेतलं की टी.सी. अडवली, लग्न झाल्यावर परत आले तेव्हा नाव काढून टाकलं होतं की ठेवलं होतं. विद्यार्थ्याच्या मनात कॉलेजची श्रेणी यावरून लागते.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे ते हे.

भेटीची तारीख कॉलेजला महिनोन्‌महिने आधी कळवू नका. एखाद्या आठवड्याचा पट्टा सांगा आणि त्यातला दिवस तुम्ही निवडा. आमच्यासारख्या जिल्ह्यात तो हंगामाच्या महिन्यांत निवडा. विद्यार्थ्यांच्या बैठकीसाठी पटावरून हजेरी क्रमांक तुम्ही काढा आणि गैरहजर निघतील त्यांची चौकशी आधी करा. जो आला नाही त्याच्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं. बैठकीत कॉलेजचं कोणी बसू नये. दुभाषी तुमचा असावा, त्या संस्थेशी संबंध नसलेला, मराठी येणारा. बंजारा, पारधी किंवा भिल्ल मुलं असतील तिथे त्यांची बोली समजणारा. स्वच्छतागृह पाहायचं तर समितीतल्या बाईंनी मुलींबरोबर, त्यांच्या मधल्या सुट्टीत जावं.

समारोपाची बैठक आज बंद दाराआड, संस्थाचालक आणि प्राचार्यांसमोर होते. ती मैदानात घ्या किंवा सभागृहात, पण मुलांना बसू द्या. पाहणी पडद्यावर नेऊन लाचेची प्रकरणं थांबतील असं मला वाटत नाही. भेट जितकी खाजगी तितका व्यवहाराला वाव जास्त. आपल्यासमोर कॉलेजचं बरं-वाईट मोकळेपणाने वाचलं जातंय हे चारशे मुलांनी पाहिलं, तर प्रामाणिक सदस्यांनाही त्याचा आधार होईल, आणि तुमच्यात प्रामाणिक सदस्यच जास्त आहेत हे मला अनुभवाने माहीत आहे. त्यांतले काही जण आमच्या मुलांसाठी जेवणाची वेळ टाळून थांबलेले मी पाहिले आहेत.

अहवाल मराठीत करून कॉलेजच्या सूचना फलकावर लावायची सक्ती करा. तुमची अधिस्वीकृती आजवर साधारण पाच वर्षं टिकत आली आणि पदवीचा विद्यार्थी तीन, आता फार तर चार वर्षं असतो. ज्या मुलीने गाडीचं सांगितलं तिला आपल्या बोलण्याचं काय झालं ते कधीच कळलं नाही. पुढची समिती आली तेव्हा ती दोन मुलांची आई होती. वर्षभराने एकच माणूस पुन्हा पाठवा, फक्त एवढं विचारायला, की मुलांनी सांगितलेल्यापैकी काय झालं.

ऑनलाइन पाहणीचं म्हणाल तर कॅमेरा कॉलेजच्या हातात असणार आणि तो जिकडे वळवला जाईल तेवढंच तुम्हाला दिसणार. प्रत्यक्ष भेटीत निदान चालता चालता एखादं दार तुम्ही स्वतः ढकलून पाहू शकता. तो हक्क सोडू नका. आणि नवी पद्धत 'आहे' किंवा 'नाही' अशी होणार असेल, तर ज्या कॉलेजांकडे चकचकीत माहिती भरणारी माणसं नाहीत पण पेन्सिलीने तारीख लिहिणारी आहेत, ती 'नाही'च्या रकान्यात जाऊ नयेत याची काळजी कोण घेणार, हेही कळवा.

नव्या मार्गदर्शक पुस्तिका पक्क्या करण्याआधी महाराष्ट्रातल्या एका तरी जिल्ह्यात अशी भेट करून पाहावी. बीड निवडलंत तर स्टँडवर घ्यायला मी येईन. दुभाषी मिळाला नाही तर तेही काम करीन, मानधन नको. आमचं कॉलेज सोडून जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजात.

आपली,
एक निवृत्त मराठी प्राध्यापिका
जिल्हा बीड